घोट आणि गोळी

मराठीतल्या ‘बसणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. पहिला शाळेत शिकवतात. दुसरा शाळा सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी, बहुधा नोकरी लागल्यावर कळतो. ‘‘शनिवारी बसायचं का?’’ असं कुणी विचारलं आणि तुम्ही ‘‘कुठे, सतरंजीवर की खुर्चीवर?’’ असं उलट विचारलंत, तर तुम्ही न पिणाऱ्या जमातीतले. मी त्या जमातीतला. गेली चाळीस वर्षं मी मित्रमंडळींबरोबर बसतो आहे, पण पहिल्या अर्थाने.

न पिणारा मित्र ही बैठकीत मोठी सोयीची वस्तू असते. बिलाची बेरीज तपासायची, शेवटी एकेकाला घरपोच करायचं आणि दारात उभ्या असलेल्या वहिनींच्या नजरेला नजर द्यायची, ही सगळी कामं त्याची. त्या बदल्यात त्याला खारे शेंगदाणे मिळतात आणि उपदेश करण्याचा हक्क मिळतो. पिणाऱ्याला दारूचं व्यसन असतं, तसं न पिणाऱ्याला उपदेशाचं. पहिलं व्यसन यकृतावर जातं, दुसरं मित्रांवर.

हे वाक्य मी पूर्वी विनोद म्हणून सांगत असे. नानाच्या दाढेनंतर ते मला थोडं जड जातं.

नाना म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याची खालची दाढ ठणकायला लागली, गाल सुजला. दातांच्या डॉक्टरांनी तपासलं, आत पू धरलाय म्हणाले, दोन प्रकारच्या गोळ्या पाच दिवसांसाठी लिहून दिल्या, सोमवारी पुन्हा बोलावलं आणि जाता जाता म्हणाले, ‘‘गोळ्या चालू असेपर्यंत दारू घेऊ नका.’’

डॉक्टरांचं एवढंच वाक्य. पण मी बरोबर होतो ना! दवाखान्यापासून नानाच्या घरापर्यंत मी त्या एका वाक्याचं कीर्तन केलं. ‘‘नाना, ही गोळी पोटात असताना एक घोट जरी गेला ना, तर संपलास. रक्ताचं विष होतं. माणूस जागच्या जागी...’’ पुढचं मी हाताने दाखवलं. रिक्षावालासुद्धा आरशातून बघायला लागला. त्यानेही बहुधा कुठल्या तरी गोळ्या चालू ठेवल्या असाव्यात.

त्याच शनिवारी आमच्यातल्या एकाची एकसष्टी होती. मी पोचलो तर नाना कोपऱ्यातल्या खुर्चीत, हातात ग्लास! माझ्या हातातला शेंगदाणा खाली पडला.

‘‘अरे, गोळ्या चालू आहेत ना?’’

‘‘छे! कालपासून बंद केल्या. एकत्र घ्यायचं नाही म्हणालास ना तू? मी मित्राचं ऐकतो. सोमवारपासून परत सुरू करीन.’’

आणि इथे मला कबुली द्यायला हवी. मी त्या वेळी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, ‘‘मग ठीक आहे.’’

ठीक नव्हतं. रविवार डोकं धरून गेला. सोमवारी डॉक्टरकडे जायचं राहिलं. मंगळवारी सूज गालावरून जबड्याखाली उतरली. बुधवारी नानाचं तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना. रात्री त्याला इस्पितळात नेलं. तिथल्या सर्जननी जबड्याखाली छेद देऊन पू काढला, सलाइनमधून औषधं सुरू केली. बाहेर येऊन ते वहिनींना म्हणाले, ‘‘सूज श्वासनळीपर्यंत पोचत होती. उद्यावर टाकलं असतं तर सांगता आलं नसतं.’’ वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पदर तोंडावर धरला.

दुसऱ्या दिवशी सर्जननी नानाला विचारलं, ‘‘गोळ्या मध्येच बंद करायला कुणी सांगितलं तुम्हाला?’’ नानाला बोलता येत नव्हतं. त्याने बोट केलं. ते बोट सरळ माझ्यावर येऊन थांबलं.

नाना आठ दिवस इस्पितळात होता. त्या आठ दिवसांत मी दोनच कामं केली. सकाळी त्याच्यासाठी पेज घेऊन जायचं आणि दुपारी ग्रंथालयात बसायचं. पहिल्या अर्थाने. ज्या नियमाने माझ्या मित्राला मरणाच्या दारात नेऊन ठेवलं, तो नियम आला कुठून, हे मला बघायचं होतं. पुढे तो नादच लागला. गेली काही वर्षं जिथे जे मिळेल ते वाचत आलो आणि त्यातून जो इतिहास हाती लागला, तो नानाच्या दाढेइतकाच गुंतागुंतीचा निघाला.

सुरुवात अर्थातच पेनिसिलिनपासून. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशी आली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. आमच्या मास्तरांनी ते अशा सुरात सांगितलं होतं, की डबा न धुणाऱ्या मुलांना उगाचच आशा वाटली होती. पण त्या बुरशीतून खरंखुरं औषध काढलं ते ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. भांडी मिळेनात म्हणून त्यांनी बुरशी वाढवायला इस्पितळातली बेडपॅन वापरली. आज एवढ्या तोऱ्यात मिरवणाऱ्या अँटिबायोटिकचा पाळणा हा असा.

१२ फेब्रुवारी १९४१ ला ऑक्सफर्डच्या एका पोलीस शिपायाला, अल्बर्ट अलेक्झांडरला, हे औषध पहिल्यांदा टोचलं. त्याचा चेहरा जंतूंनी पोखरला होता, एक डोळा गेला होता. औषध दिल्यावर ताप उतरला, भूक लागली. पण औषधाचा साठा पाचच दिवसांचा. पेनिसिलिन शरीरात फार टिकत नाही, बरंचसं लघवीवाटे जसंच्या तसं बाहेर पडतं. म्हणून ही मंडळी रोग्याची लघवी गोळा करून सायकलवरून प्रयोगशाळेत नेत, त्यातून पेनिसिलिन पुन्हा काढत आणि पुन्हा त्यालाच टोचत. तरीही पुरलं नाही. रोग उलटला आणि १५ मार्चला अलेक्झांडर गेला. औषध लागू पडलं होतं, ते पुरेसे दिवस मिळालं नव्हतं. ग्रंथालयात हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ पंख्याकडे बघत बसलो. त्या बिचाऱ्याकडे गोळ्या संपल्या होत्या. आमच्या नानाकडे त्या उशाशी होत्या.

दारूचा नियम कसा आला, याची एक गोष्ट याच लघवीशी जोडून सांगतात. युद्धात सैनिकांच्या लघवीतून पेनिसिलिन परत मिळवायचं, आणि सैनिक बिअर प्यायले की लघवी भरमसाट होणार, मग त्यातून औषध काढणाऱ्यांचे हाल. म्हणून बिअर बंद! ही गोष्ट कितपत खरी, यावर मी पैज लावणार नाही. पण आपल्याकडच्या वाचकाला ती वाचताना मोरारजीभाईंची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. जुन्या मुंबई राज्यातली दारूबंदी आणि शिवांबू, या दोन्ही विषयांत त्यांच्याएवढा अधिकार दुसऱ्या कुणाचा होता? ते ऑक्सफर्डला असते तर दोन्ही आघाड्या एकट्याने सांभाळल्या असत्या.

दुसरी गोष्ट जास्त पटण्यासारखी आहे. पेनिसिलिनने गुप्तरोग झटपट बरे व्हायला लागले. पूर्वी ज्यासाठी महिनेच्या महिने जात, ते काम एकदोन सुयांवर आलं. तेव्हा त्या दवाखान्यांतले डॉक्टर रोग्याला सांगत, दारूला शिवू नका. का? तर दारूचं आणि पेनिसिलिनचं वैर म्हणून नव्हे. माणूस प्याला की सगळा विवेक विसरतो आणि पूर्ण बरा होण्याआधीच रोग दुसऱ्याला देऊन येतो म्हणून. आता हे कारण रोग्याच्या तोंडावर सांगणं अवघड. त्यापेक्षा नुसतं ‘‘या औषधावर दारू चालत नाही’’ म्हणणं सोपं. आपल्या घरांतसुद्धा नाही का, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या लाडवांना मुलांनी हात लावू नये म्हणून ‘‘त्याने पोट दुखतं’’ म्हणून सांगतात? मुलं मोठी होतात आणि आपल्या मुलांनाही तेच सांगतात. लाडू कधीच संपलेले असतात, पोटदुखी मात्र पिढ्यान् पिढ्या चालते.

गंमत अशी, की रक्ताचं नातंच बघायला गेलं तर पेनिसिलिन आणि दारू या सख्ख्या बहिणी. दोघींचं माहेर एकच, आंबवण्याची टाकी. १९४१ साली फ्लोरी आणि हीटली मदत मागायला अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांना पाठवलं कुठे, तर इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावातल्या सरकारी प्रयोगशाळेत. हे गाव व्हिस्कीच्या भट्ट्यांसाठी आधीपासूनच नावाजलेलं! मक्याचा स्टार्च काढताना जे पाणी उरतं, त्यात बुरशी वाढवली तर पेनिसिलिन कितीतरी पटीने जास्त मिळतं, हे तिथे कळलं. आमच्या पुण्याजवळ पिंपरीला १९५५ साली पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं, तेही टाक्यांत बुरशी आंबवूनच. म्हणजे सबंध मुंबई राज्यात दारूबंदी कडक असताना, पिंपरीत सरकारच्या परवानगीने, सरकारच्याच कारखान्यात, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने आंबवण्याचं काम अहोरात्र चाललं होतं. फक्त नळातून बाहेर येणारी बहीण वेगळी.

मग खरं वैर कुणाचं? त्यासाठी इंग्लंड सोडून डेन्मार्कला जावं लागतं.

रबर टिकाऊ करण्यासाठी कारखान्यात एक रसायन वापरत, त्याचं नाव डायसल्फिराम. त्याच कुळातल्या रसायनाशी काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, हे १९३७ साली अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरने लिहून ठेवलं होतं. पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघे शास्त्रज्ञ हेच डायसल्फिराम पोटातल्या जंतांवर चालेल का, हे बघत होते. औषध माणसाला बाधत नाही ना, हे तपासायला त्यांनी ते स्वतःच घेतलं. काही बाधलं नाही. मात्र त्याच दिवसांत थोडं मद्य पोटात गेलं, तेव्हा चेहरा लालबुंद, छातीत धडधड, डोकं फुटायला आलेलं आणि मळमळ. दोघांनी आपापला अनुभव एकमेकांना सांगितला आणि डोक्यात प्रकाश पडला. जंत राहिले बाजूला. १९४८ साली त्यांनी हे शोधनिबंधात मांडलं आणि ‘अँटाब्यूस’ या नावाने दारू सोडवण्याचं औषध जगाला मिळालं.

ते कसं चालतं, हे मला पटकन कळलं, कारण माझं आयुष्य सरकारी कचेरीत गेलं. दारू यकृतात येते ती फाइलसारखी दोन टेबलांवरून जाते. पहिल्या टेबलावर तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं. हा पदार्थ भलताच त्रासदायक. पण दुसऱ्या टेबलावरचा कारकून तत्पर असतो, तो लगेच त्याचं ॲसिटिक आम्ल करून पुढे ढकलतो, आणि ते शरीराला सहज पचतं. डायसल्फिराम काय करतं, तर दुसऱ्या टेबलावरच्या कारकुनाला रजेवर पाठवतं. पहिल्या टेबलावरचं काम चालूच. मग दुसऱ्या टेबलावर गठ्ठेच्या गठ्ठे साचतात. चेहरा लाल होतो, ठोके वाढतात, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जास्त प्यायलेल्या माणसाचं हे जिवावरही बेतू शकतं. मी नानाला रिक्षात हातवारे करून जे दाखवलं, ते या औषधाचं वर्णन होतं. फक्त नानाला हे औषध दिलेलंच नव्हतं!

नानाच्या दोन गोळ्यांपैकी एक होती अमॉक्सिसिलिन, म्हणजे पेनिसिलिनच्याच घराण्यातली. तिचं दारूशी असं काही भांडण नाही. दुसरी मेट्रोनिडाझोल, जी घेतली की तोंडाला दिवसभर लोखंडाचा पळा चाटल्यासारखी चव येते. हिचा इतिहास मोठा मजेशीर आहे. फ्रान्समधल्या एका कंपनीने १९५९ च्या सुमारास ती स्त्रियांच्या एका विकारासाठी काढली. १९६२ साली अशा एका बाईने दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, की त्या गोळ्यांनी माझ्या हिरड्याही बऱ्या झाल्या! म्हणजे ही गोळी दंतवैद्यांकडे आली ती अशी मागच्या दाराने. पुढे १९६४ साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरने लिहिलं, की ही गोळी घेणाऱ्या एका बाईची दारूची इच्छाच गेली. झालं! लगेच मेट्रोनिडाझोल देऊन दारू सोडवण्याचे प्रयोग सुरू झाले. त्यांत फारसं यश आलं नाही. पण हिला अँटाब्यूसची धाकटी बहीण म्हणून जी ओळख मिळाली, ती कायमची चिकटली. आपल्याकडे एखाद्या मुलीला लहानपणी एकदा ‘भांडखोर’ म्हटलं, की तिच्या लग्नापर्यंत ते पुरतं, तसंच.

२००२ साली फिनलंडमध्ये हे नीट तपासून पाहिलं. बारा धडधाकट पुरुष घेतले. निम्म्यांना पाच दिवस मेट्रोनिडाझोल दिली, निम्म्यांना खोटी गोळी, आणि मग सगळ्यांना मद्य. (फिनलंडमध्ये स्वयंसेवक मिळायला अडचण पडली नसावी.) दोन्ही गटांत काही फरक दिसला नाही, ॲसिटाल्डिहाइडही साचलं नाही. दुसऱ्या टेबलावरचा कारकून जागेवरच होता. आता बाराच माणसं, तीही निरोगी. तेवढ्यावर सगळ्या जगाला मोकळीक देता येत नाही. त्रास झाल्याच्या तुरळक नोंदी आहेतच. म्हणून औषधाबरोबरच्या कागदावर आजही लिहितात, की गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर दोन-तीन दिवस दारू टाळा. डॉक्टर सांगतात, आपण टाळावी. दोन-तीन दिवसांत काय द्राक्षांचे मळे वाळणार आहेत?

आणि काही औषधांचं वैर अगदी खरं आहे, तेही सांगायला हवं. नाहीतर उद्या कुणीतरी माझ्याकडे बोट करील. सेफोपेराझोनसारखी काही इंजेक्शनं अशी आहेत, की ती दुसऱ्या टेबलावरच्या कारकुनाला खरोखरच रजेवर पाठवतात. लिनेझोलिड नावाच्या औषधावर पिंपातली बिअर आणि मुरलेलं चीज घेतलं तर रक्तदाब एकदम वर उसळू शकतो. क्षयाच्या गोळ्यांचा भार यकृतावर पडतो आणि दारूचाही तिथेच, म्हणजे एकाच हमालाच्या डोक्यावर दोन ट्रंका. शिवाय कुठलंही औषध चालू असो, अंगात ताप असताना दारूने झोप मोडते, पाणी कमी होतं आणि बरं व्हायला वेळ लागतो. तेव्हा ‘‘दारू नको’’ हे डॉक्टरांचं सांगणं बरोबरच. चुकलो तो मी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दारू सोड. मी सांगितलं, दोन्ही एकत्र घेतलंस तर मरशील. वरवर दोन्ही सारखंच वाटतं. पण दुसऱ्या वाक्यात काय सोडायचं, ते ऐकणाऱ्यावर राहतं. आणि शनिवारी संध्याकाळी एका हाताला गोळी आणि दुसऱ्या हाताला घोट असताना, माणूस काय सोडतो हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

फ्लेमिंगना हे माहीत होतं. ११ डिसेंबर १९४५ ला नोबेल पारितोषिकाच्या भाषणात त्यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो पेनिसिलिन विकत घेतो, पण पुरेसं घेत नाही. जंतू मरत नाहीत, उलट शहाणे होतात. त्याच्याकडून ते बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो. आता तिला पेनिसिलिन दिलं तर ते चालत नाही, कारण जंतू आधीच शिकून आलेले. ती जाते. मग तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असं फ्लेमिंग विचारतात, आणि उत्तर देतात: तिचा नवरा. ज्या माणसाला पेनिसिलिनसाठी पारितोषिक मिळत होतं, त्याने हार गळ्यात पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे बजावलं. नानाच्या बाबतीत जंतूंना शहाणं व्हायची गरजही पडली नाही. त्यांना नुसतं मोकळं रान मिळालं, तेवढ्यात त्यांनी मानेपर्यंत मजल मारली. किती दिवस गोळ्या घ्यायच्या, हे अलीकडे डॉक्टर आजार बघून ठरवतात, काही आजारांत दिवस कमीही केले आहेत. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. एकसष्टीच्या निमंत्रणपत्रिकेने नव्हे.

आता माझ्याबद्दल. पापाची फेड इथेच करावी लागते म्हणतात. यंदाच्या उन्हाळ्यात माझी दाढ दुखली. त्याच दोन गोळ्या, तेच पाच दिवस, तीच सूचना. मी डॉक्टरांना अभिमानाने म्हणालो, ‘‘तो प्रश्नच नाही. आयुष्यात थेंब घेतला नाही.’’

गोळ्यांनी माझी भूक मेली. तेव्हा आमच्या हिने कपाटातून एक बाटली काढली. ‘‘अहो, दोन्ही वेळा जेवणानंतर दोन-दोन चमचे घ्या. अन्न गोड लागेल.’’ मी घेतलं. अन्नाचं सोडा, ते औषधच इतकं गोड लागलं, की दुसऱ्या दिवशी दोनाचे तीन चमचे झाले. तिसऱ्या दिवशी रात्री चष्मा हाताशी होता म्हणून सहज बाटलीवरचं लेबल वाचलं. द्राक्षारिष्ट! आणि खाली बारीक अक्षरात, अंगभूत तयार झालेल्या अल्कोहोलचं प्रमाण!

काढा करायचा, गूळ घालायचा, धायटीची फुलं घालायची आणि तोंड बांधून आंबायला ठेवायचं, ही अरिष्टांची कृती. त्यात साधारण पाच ते दहा टक्के अल्कोहोल आपोआप तयार होतं. म्हणजे बिअरच्या पंगतीला बसायला हरकत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याविरुद्ध बालसरा नावाचे गृहस्थ सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा १९५१ साली न्यायालयाने बाकी कायदा बराचसा राखला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि सुगंधी द्रव्यं बंदीतून सोडवली. आपल्या कायद्याला दारू आणि औषध यांतली रेघ ओढताना नेहमीच घाम फुटत आला आहे. पिण्याचं परमिट देतानासुद्धा आपल्याकडे ते आरोग्य राखण्यासाठी म्हणून दिलं जातं!

हे सगळं ज्ञान त्या रात्री माझ्या काहीच उपयोगी पडलं नाही. माझ्या छातीत धडधडायला लागलं. आरशात बघितलं, तर चेहरा लाल. दुसऱ्या टेबलावर गठ्ठे साचताना मला स्पष्ट दिसायला लागले. रात्री अकरा वाजता डॉक्टरांना फोन केला.

‘‘अरिष्ट किती दिवस घेताय?’’

‘‘तीन.’’

‘‘गोळ्या?’’

‘‘त्याही तीन दिवस.’’

‘‘आणि धडधड कधीपासून?’’

‘‘लेबल वाचल्यापासून,’’ मी म्हणालो.

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग डॉक्टर म्हणाले, ‘‘बाटली कपाटात ठेवा. गोळ्या चालू ठेवा. उलटं करू नका. आणि झोपा.’’

एका ओळीत सांगितलं त्यांनी. मला दहा वर्षांपूर्वी रिक्षात ही ओळ सुचली असती तर!

दुसऱ्या दिवशी नाना भेटायला आला. जबड्याखालची शस्त्रक्रियेची खूण अजून दिसते, दाढी केलेली असली की जास्तच. हिने त्याला सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. नानाने बाटली मागवून घेतली, उजेडाकडे धरली, लेबल वाचलं आणि बूच उघडून वास घेतला. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला,

‘‘चाळीस वर्षं लागली, पण शेवटी बसलास!’’

मी गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यालो. शेंगदाणे तेवढे नानापुढे सरकवले.